सुरतचा डबा

भटू, तुझ्या दिवसकार्याला, गंधमुक्तीला, मंडळींनी मलाच उभं केलं. "सर्वासमा जवळना तुम्हीच, शेट, दोन शब्द बोला," असं तुझा चुलतभाऊ म्हणाला आणि मांडवातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी उभा राहिलो, टोपी सारखी केली, "भटू मिस्तरी कामाला सच्चा होता, दोस्तीला सच्चा होता," एवढं बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, शेटचा गळा दाटून आला. पण 'सच्चा' म्हणताना जीभ अडली ती दुःखानं नाही. मला तुझ्या फोटोकडे बघायची लाज वाटत होती.

तुला सांगायची राहिलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा गोल गोल फिरेन. बिगर इथेनॉलचं म्हणून जे पेट्रोल मी तुला सुरतेहून आणून देत होतो, त्यातले पहिले तीन डबे सुरतचे होते. पुढचे सगळे आपल्या तळोद्याच्या गावाबाहेरच्या पंपावरचे. त्या डब्यांच्या जिवावर तू चारचौघांत शब्द दिलास, तो शब्द पडला, आणि चाळीस वर्षं हातात असलेला पाना तू खाली ठेवलास. आपलाच हात चुकला असं समजून तू गेलास.

यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी सगळं सांगतो, कारण माझ्या बाजूनं ते वेगळं दिसतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी तुझ्या गॅरेजसमोर जुन्या गाड्यांची रांग लागायला लागली. सगळ्यांची तक्रार एकच. गाडी उभी राहिली की सुरू होत नाही, चढावर दम तोडते. तू कार्ब्युरेटर उघडायचास आणि तळहातावर पांढरी भुकटी घेऊन दाखवायचास. रबराचे वायसर फुगून बोटाएवढे व्हायचे. पेट्रोलमध्ये पाचातला एक भाग इथेनॉल असतो, नव्या गाड्या त्या हिशोबानं बनवलेल्या आहेत, आपल्या जुन्या टू-स्ट्रोक नाहीत, हे तू मला गॅरेजसमोरच्या माझ्या कापडदुकानाच्या पायरीवर बसून इतक्यांदा समजावलंस की गिऱ्हाइकांनाही पाठ झालं. इथेनॉल उसापासून बनतं आणि माझा भाऊ तापीकाठी ऊस लावतो, म्हणून त्यात माझाही दोष असायचा. "जगू, तुन्हा भाऊना ऊस मन्ही गाडीना कार्ब्युरेटर खाई ऱ्हायना." मी म्हणायचो, अरे, उसाला भाव मिळतोय तर तुझ्या पोटात का दुखतं? तू म्हणायचास, पोटात नाही, टाकीत दुखतं. तो वाद आपण कधी संपवलाच नाही. आता तुझ्या बाजूनं बोलायलाही मीच उरलोय, आणि त्या कामाला मी अगदीच नालायक माणूस आहे.

मग तू शोध सुरू केलास. रायसिंग गुरुजींनी आश्रमशाळेच्या प्रयोगशाळेतली काठ फुटलेली मोजनळी तुला दिली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी, वर पेट्रोल, अंगठा लावून हलवायचं आणि टेकवून ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचं पाणी खुणेच्या वर चढतं. जितकं चढलं तितकं पेट्रोल भेसळीचं, असं तू म्हणायचास. भेसळ नव्हे रे, सरकारी मिश्रण आहे, असं मी म्हणायचो. तळोदा, शहादा, अक्कलकुवा, नंदुरबार, हद्दीपलीकडचं निझर, ज्या गावाला जाशील तिथलं पेट्रोल बाटलीत घेऊन यायचास. पाणी सगळीकडचं चढायचं.

एकदा तू घरीच पेट्रोल धुवायचं ठरवलंस. पाणी घालून ढवळायचं, खाली बसलेलं पाणी काढून टाकायचं, वरचं शुद्ध पेट्रोल गाळून घ्यायचं. त्यासाठी काचेची मोठी बरणी हवी होती. मंगलवहिनी अंगणात येऊन म्हणाल्या, "तुम्हले लोणचानी बरनी बिगर दुसरं काय सापडनं नही का?" तू ते धुतलेलं पेट्रोल गाडीत भरलंस आणि गाडी चढावर खडखड वाजायला लागली. इथेनॉलबरोबर पेट्रोलचा दमही धुवून गेला होता. वहिनींनी वर्षभर लोणचं घातलं नाही आणि तू वर्षभर ती गोष्ट काढू दिली नाहीस.

शेवटी कुठल्याशा ट्रकवाल्याकडून तुला कळलं की मोठ्या शहरांत काही पंपांवर शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल मिळतं, त्यात हे नसतं. सुरतेला आहे म्हणे. आणि दर पंधरा दिवसांनी माल आणायला सुरतेला जाणारा गावात कोण? मी. तू मला पत्र्याचा फिरकीच्या झाकणाचा डबा दिलास. मी पहिला डबा आणला तेव्हा तू मोजनळी काढलीस. पाणी खुणेवरून हललं नाही. तू नळी उन्हात धरून किती वेळ बघत राहिलास. इतका आनंद मी तुझ्या लग्नातही तुझ्या तोंडावर पाहिला नव्हता. दुसऱ्या डब्याला तू नळी काढलीस, आणि तिसऱ्याला काढली नाहीस. कुणीतरी विचारलं तर म्हणालास, "जगूना डबा शे, त्याले काय तपासानं?" लोकांचं पेट्रोल मोजणारा तू, माझं मोजायचं सोडलंस.

चौथ्या खेपेला परतताना व्याऱ्याच्या रस्त्यावर डब्याचं झाकण सैल झालं आणि डबा वाटेतच रिकामा झाला; तुला म्हटलं, या वेळी मिळालं नाही. गाडीत शहाद्याकडच्या एका घरचा बस्ता होता, नवरीच्या साड्यांसकट. एक गठ्ठा अर्धा भिजला. मी त्या साड्या दोन दिवस गच्चीवर वाळवल्या, वास गेला असं स्वतःला पटवलं आणि दिल्या. हळदीच्या दिवशी नवरीची मावशी साडी घेऊन दुकानात आली. भर गिऱ्हाइकात तिनं घडी माझ्या नाकाखाली धरली. म्हणाली, मांडवात नवरीच्या अंगाला पंपाचा वास येतोय, लोक हसताहेत. तीस वर्षांत दुकानाची अशी शोभा झाली नव्हती. त्या दिवशी ठरवलं, मालाबरोबर पेट्रोल पुन्हा आणायचं नाही.

हे तुला सांगायला काय लागत होतं? "भटू, डबा आता जमणार नाही." एवढंच. तू हसला असतास, साडीचा किस्सा गावभर केला असतास आणि दुसरी सोय बघितली असतीस. पण पुढच्या खेपेहून परतताना तुझी आठवण आली. तू पायरीवर उभा असणार, फडक्यानं हात पुसत, डब्यासाठी. नाही म्हणवेना. गावात शिरायच्या आधी मी पंपावर थांबलो. शेतकरी फवारणीच्या पंपासाठी डबे भरून नेतात, त्या रांगेत उभा राहिलो आणि डबा भरून घेतला. म्हटलं, ही एक वेळ. तू डबा दोन्ही हातांनी घेतलास, झाकण उघडून वास घेतलास आणि डोळे मिटून म्हणालास, "हाऊ शे खरा वास." मला हसू आलं होतं, भटू. ते हसू आठवलं की आज मान वर होत नाही.

आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. माझी भीड खोट्याची बहीण निघाली. एक वेळ म्हणता म्हणता मी किती डबे त्या पंपावर भरले, ते मोजायची हिंमत नाही.

मागच्या जूनमध्ये रायसिंग गुरुजी त्यांच्या वडिलांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊन आले. धडगावकडच्या पाड्यावर घर, चांदसैलीचा घाट रोजचा. पावसाळ्यात घाट बंद झाला की गाडी आठ-आठ दिवस शाळेच्या ओसरीत उभी राहायची आणि मग जागची हलायची नाही. शोरूमवाल्यांनी सांगितलं होतं, भंगारात द्या. तू स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलंस, मूठ कानाला लावलीस, आणि बराच वेळ ऐकून म्हणालास, इंजिनात काही नाही. चार दिवस लावून तू ती गाडी सगळी खोललीस आणि पुन्हा जोडलीस. टाकी धुतलीस, झाकणाचा वायसर नवा घातलास, जेट साफ केलेस. मग समोरच्या चहाच्या टपरीवरचे सगळे ऐकत असताना गुरुजींना डबा दिलास, माझा डबा, आणि सांगितलंस की पावसाळाभर याच डब्यातलं पेट्रोल घाला, संपलं की इथूनच न्या. टपरीवरचं कुणीतरी हसलं. तेव्हा तू बोललास: "आते ही गाडी बंद पडनी ते मी पाना खाले ठी देसू."

मी तिथेच होतो. चहाचा कप माझ्या हातात होता. तेव्हा बोललो असतो तरी चाललं असतं.

ऑगस्टात गाडी घाटात बंद पडली. गुरुजींनी पावसात तीन तास ढकलली आणि शेवटी एका पिकअपमध्ये टाकून तुझ्याकडे आणली. तू कार्ब्युरेटरची वाटी उघडून तळहातावर पालथी केलीस. पाणी निघालं. मी दुकानातून बघत होतो. या वेळी तुला हसायची टपरीवरच्या कुणाची छाती नव्हती. तू किती वेळ त्या पाण्याकडे बघत बसलास. तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कळत होतं. इथेनॉलचं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं, पाणी तळाला बसतं, हे तूच मला शिकवलं होतंस. पण हे पेट्रोल तर इथेनॉलचं नाही. मग पाणी बाहेरून आलं. बाहेरून आलं म्हणजे झाकणातून आलं. आणि झाकणाचा वायसर तू बसवला होतास.

तू रस्ता ओलांडून आलास. हात काळे होते म्हणून पायरी चढला नाहीस. दुकानात दोन बायका झंपराचं कापड बघत होत्या, मी मीटरपट्टी लावत होतो.

"जगू, डबा सुरतनाच व्हता ना?"

"हा. सुरतनाच."

तू मान हलवलीस. "मंग मन्हाच वायसर बठना नही," म्हणालास आणि गेलास. मी कापड कापलं. ते वीतभर कमी कापलं गेलं, बाई ओरडली, मी दुसरं काढलं.

तू शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी बसस्टँडजवळच्या मिस्तरीला देऊन टाकलीस आणि शटर ओढलंस. मी समजूत घालायला आलो होतो. माझ्यासारखा निर्लज्ज माणूस तुझ्या दारात येऊन तुला सांगत होता की एवढ्या-तेवढ्यानं कुणी धंदा बंद करतं का, हातून चूक होते माणसाच्या. तू म्हणालास, चूक झाली ती दिसली नाही, हे वाईट. कान गेला, डोळा गेला, आता लोकांची गाडी घाटात मधेच थांबली तर कोण जबाबदार? मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू माझा हात थोपटलास, मलाच धीर दिल्यासारखा.

आणि मग दुपारी तू माझ्या दुकानात येऊन बसायला लागलास. तुझ्या हातांना पहिल्यांदाच साबणाचा वास यायला लागला, नखांतला काळेपणा मात्र शेवटपर्यंत गेला नाही. पहिले काही दिवस नुसता बसायचास. मग बायकांनी पसरून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागलास. माझ्या नोकरापेक्षा सरळ घडी तुझी. "याना घडीले बी टायमिंग ऱ्हास," असं म्हणायचास. साडीचा पदर उघडून दाखवायला बायका तुलाच सांगायच्या. माझा मुलगा पुण्यात, ही जाऊन चार वर्षं झालेली. दुपारी दोन ते पाच दुकानात माशी नसायची, तो वेळ मला खायला उठायचा. तू आलास आणि तो वेळ भरून गेला. तिसरीतल्या मास्तरांपासून तुझ्या फसलेल्या प्रेमापर्यंत आपण सगळं पुन्हा बोललो. सुपारी कातरावी तर तूच. हे आठ महिने मला कुणी दिले नसते, भटू. त्याबद्दल तुझे उपकार मानावेत तरी कोणत्या तोंडानं?

कारण त्याच गादीवर बसून तू रस्त्यावरून गेलेल्या गाड्या ओळखायचास. घडीवरची नजर न उचलता म्हणायचास, याची चेन ढिली आहे, याच्या सायलेन्सरला भोक पडलंय, हा पुढच्या चौकात थांबणार. आणि तो पुढच्या चौकात थांबायचा. तुझा कान गेला नव्हता. मला रोज दिवसातून चार वेळा त्याचा पुरावा मिळत होता, आणि तुझ्या मात्र ते ध्यानातच येत नव्हतं. मी काय करायचो, माहीत आहे? चहा सांगायचो.

एकदा मात्र मी सुरुवात केली होती. "भटू, एक सांगानं व्हतं." तू घडी थांबवून माझ्याकडे बघितलंस. "सांग ना." मी म्हणालो, सकाळी लवकर ये, नवा माल लावायचा आहे. तू सकाळी आठला हजर झालास. पुढे थोड्याच दिवसांत तू गेलास आणि सांगायचं राहिलंच.

गंधमुक्तीच्या दिवशी माझं ते भाषण झालं, पंगत उठली. मी हात धुवायला टाकीपाशी गेलो तर तिथे रायसिंग गुरुजी उभे. पाड्यावरून दोन गाड्या बदलून आले होते. डोळे लाल. म्हणाले, "शेट, भटूभाऊ माझ्यामुळे खचले. ती गाडी मी भंगारात द्यायला हवी होती. मीच हट्ट केला, वडिलांची गाडी म्हणून. मला आज वहिनींच्या समोर जाववत नाही."

बघ, मी तुला बुडवलं ते बुडवलंच, आणि त्याचं ओझं तो बिचारा डोंगर उतरून घेऊन आला होता. मला ते सहन झालं नाही. हाताला साबण तसाच ठेवून मी गुरुजींना सगळं सांगितलं. साड्यांचा गठ्ठा, पंप, फवारणीवाल्यांची रांग, पायरीवरचा तुझा प्रश्न, माझं उत्तर. मला वाटलं होतं ते हात उचलतील, निदान शिवी देतील. त्यांनी टाकीची कड धरली आणि शाळेत मुलांना सांगतात तसं सावकाश म्हणाले, "म्हणजे भटूभाऊंनी केलेलं काम अजून तपासलंच गेलं नाही."

खरंय. तू बरोबर होतास की नाही, हे मलाही माहीत नाही. सुरतच्या पेट्रोलवर ती गाडी चालली असती किंवा नसतीही. पण ज्या परीक्षेत तू नापास झालास ती परीक्षा झालीच नव्हती. गाडी गुरुजींच्या अंगणात आहे, सीटवर कोंबड्या बसतात. मी म्हणालो, येत्या पावसाळ्यात दर खेपेला फक्त डबा आणायला सुरतेला जाईन, मालाची गाडी वेगळी. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "ते नंतर. आधी वहिनींना सांगा. मी इथे थांबतो."

मी आत गेलो. मंगलवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारपाजारच्या चार बायका होत्या. मी त्या बायकांना बाहेर जायला सांगणार होतो, मग वाटलं, असू देत. तू चारचौघांत शब्द दिला होतास. त्यानंतर परवा चहाच्या टपरीवरही मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. पण तिथे सोपं गेलं. वहिनींसमोर मला प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. त्या ऐकत राहिल्या. पदर तोंडाला लावलेला होता तो त्यांनी खाली घेतला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आठ महिना तुम्हनाच दुकानमा बठेत ते. एक दिन बी सांगता उनं नही?"

मी म्हणालो, भीड वाटली, वहिनी. त्यांनी मान वळवली आणि मी बाहेर आलो.

ते उत्तर खोटं होतं. पहिल्या खोट्या डब्यापुरती भीड होती. पायरीवर तू विचारलंस तेव्हा भीती होती. पुढच्या आठ महिन्यांत यातलं काहीच नव्हतं. वहिनींना जे सांगता आलं नाही ते तुला सांगतो. मी खरं बोललो असतो तर तू मला चार शिव्या घातल्या असत्यास, महिनाभर तोंड बघितलं नसतंस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं शटर उघडलं असतंस. मग दुपारी माझ्या गादीवर कुणी आलं नसतं. मला तू तिथे हवा होतास, भटू.